किल्ला मजबूत, किल्ली चुकीची: ‘डिजिटल फोर्ट्रेस’चा प्रकरण अभ्यास

(कादंबरी वाचायची असेल तर आधी वाचून घ्या. पुढे शेवटासकट सगळं उघड केलं आहे.)

पार्श्वभूमी

डॅन ब्राऊन म्हटलं की आपल्याकडे चर्च, चित्रं आणि गुप्त संघटना आठवतात. त्याची पहिली थरारकथा मात्र संगणकाची होती. ‘डिजिटल फोर्ट्रेस’ आली १९९८ मध्ये. बीज त्यानेच अनेकदा सांगितलं आहे. तो न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्झिटर शाळेत शिकवत होता. १९९५ मध्ये एका विद्यार्थ्याने ईमेलमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्याबद्दल धमकीवजा काहीतरी लिहिलं आणि सीक्रेट सर्व्हिसची, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेची, माणसं शाळेत हजर झाली. खासगी ईमेल सरकारने वाचला तरी कसा, या प्रश्नातून कादंबरी निघाली.

काळ अगदी नेमका होता. १९९१ मध्ये फिल झिमरमनने पीजीपी हा सांकेतिकीकरणाचा प्रोग्रॅम लोकांना फुकट दिला आणि त्याच्यामागे चौकशी लागली. ती १९९६ च्या जानेवारीत बंद झाली. १९९३ मध्ये सरकारने क्लिपर चिप पुढे केली: टेलिफोन सांकेतिक करा, पण जादा किल्ली आमच्याकडे राहू द्या. वर्षभरात मॅट ब्लेझ या संशोधकाने तिची सरकारी पळवाट चकवता येते हे दाखवलं. अमेरिकेबाहेर जाणाऱ्या ब्राऊझरमध्ये ४० बिटांपलीकडची किल्ली (बिट हे किल्लीच्या लांबीचं माप) बराच काळ चालत नव्हती. म्हणजे विषय गरम होता आणि सामान्य वाचकाला त्याची कल्पना नव्हती. टेक्नो-थ्रिलर लिहिणाऱ्याला याहून काय हवं?

कथानक थोडक्यात असं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेकडे ‘ट्रान्सलेटर’ नावाचं गुप्त महायंत्र आहे. ३० लाख प्रोसेसर, कुठलाही संकेत सरासरी सहाएक मिनिटांत फोडणारं. एनसेई टांकाडो हा संस्थेतून बाहेर पडलेला जपानी गणिती ‘न फुटणारा’ संकेत जाहीर करतो. यंत्र त्या फाइलवर पंधरा तासांहून जास्त अडकतं. टांकाडो स्पेनमधल्या सेव्हिल शहरात मरतो. किल्ली कोरलेली असावी अशा त्याच्या अंगठीच्या मागे नायक डेव्हिड बेकर शहरभर धावतो आणि नायिका सुझन फ्लेचर मुख्यालयात कोंडली जाते. शेवटी कळतं की न फुटणारा संकेत वगैरे काही नव्हतंच. ती फाइल म्हणजे यंत्राला आतून पोखरणारा वर्म, एक घातक प्रोग्रॅम होता.

अडचण

ही कादंबरी वाचणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, रात्री हातात घेतली आणि पहाटे खाली ठेवली. दुसरा, त्यात संगणकवाले आणि भौतिकशास्त्रवाले जास्त, दहाव्या पानावर कपाळाला हात लावतो. दोघंही खरं बोलतात. इथे प्रश्न एवढाच घेतला आहे: पहिल्या तटाला धक्का न लावता दुसऱ्याला शांत करता आलं असतं का? नेहमीचं उत्तर ‘नाही’ असं असतं. थरार हवा तर शास्त्र थोडं वाकवावंच लागतं, म्हणे. या कादंबरीत मात्र उलटंच दिसतं. ती जिथे जिथे वाकवते, तिथे खरी गोष्ट जास्त थरारक होती.

समोर असलेले रस्ते

तंत्रज्ञान कथेत आणायचे ढोबळ तीन मार्ग आहेत. सगळं खरं ठेवायचं. यात लेखकाचा घाम निघतो आणि वाचक दमण्याची भीती असते. किंवा यंत्र सरळ कल्पित ठेवायचं आणि आतलं काही सांगायचंच नाही. असं केलं तर चूक काढायला जागाच उरत नाही. तिसरा मार्ग मधला: खरी नावं, खरी संस्था, खरे आकडे, आणि मोक्याच्या जागी बनवलेला नियम. ब्राऊनने तिसरा घेतला. हा मार्ग सर्वांत खपाऊ आणि सर्वांत धोक्याचा. खरं नाव छापलं की वाचक ते तपासायला मोकळा होतो.

पहिला निर्णय: यंत्राची ताकद

ट्रान्सलेटर चालतं ते निव्वळ रेट्याने, शक्य ती प्रत्येक किल्ली लावून बघत. कल्पना चुकीची नाही. कादंबरी आली त्याच वर्षी जुलैत इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने खरोखरच असं यंत्र बांधून दाखवलं. गंमत म्हणजे ही संस्था कादंबरीत एनएसएच्या डोक्याला ताप म्हणून येते. खर्च अडीच लाख डॉलरच्या आत, १,८५६ खास चिप, सेकंदाला सुमारे ९,००० कोटी किल्ल्यांची तपासणी. डीईएस या तेव्हाच्या प्रमाण संकेताची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे सुमारे ७२ हजार लाख कोटी शक्यता. सगळ्या तपासायला नऊ दिवस लागले असते. किल्ली पहिल्या चौथ्या हिश्शातच सापडली आणि काम ५६ तासांत उरकलं.

हाच हिशोब कादंबरीच्या यंत्राला लावून बघू. तशाच चिप १,८५६ ऐवजी ३० लाख असत्या तर ५६ बिटांच्या सगळ्या किल्ल्या आठेक मिनिटांत संपतात, सरासरी चार. कादंबरीतली सहा मिनिटं इथे जवळपास बसतात. पण एकेक बिट वाढला की वेळ दुप्पट होतो. ६४ बिटांना सगळ्या किल्ल्यांसाठी ३५ तास, सरासरी साडेसतरा. ७२ बिटांना वर्षभर. आणि पीजीपीत तेव्हाच असलेल्या १२८ बिटांना इतकी वर्षं, की विश्वाचं वय त्यात पन्नास लाख वेळा बसेल.

आता कथेकडे वळा. पंधरा तास यंत्र अडकलं म्हणून सुझनच्या पायाखालची जमीन सरकते. खऱ्या गणितात साध्या ६४ बिटांच्या निरोपानेही ते पंधरा तास अडकलं असतं आणि पहारेकऱ्याने चहा मागवला असता. शिवाय ६४ बिट आणि ६४ अक्षरं यांची कादंबरीत सरमिसळ होते. ही गल्लत मोजण्यापलीकडची आहे: ६४ बिटांच्या शक्यता सुमारे १८ वर १८ शून्यं इतक्या, तर नुसत्या इंग्रजी मोठ्या लिपीतल्या ६४ अक्षरांच्या १ वर ९० शून्यांइतक्या. संपादकाने एकदा कॅल्क्युलेटर हातात घेतला असता तरी हे टिपता आलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं? तो दुपटीचा नियमच घड्याळासारखा वापरायचा. ‘आज एक बिट वाढला, उद्या दुसरा’ हे वाचकाला तांदळाच्या दाण्यांच्या आणि बुद्धिबळाच्या पटाच्या गोष्टीसारखं लगेच कळतं. हजारो लोकांनी आपापले संगणक जोडून ६४ बिटांची एक किल्ली शोधायला घेतली होती. ती सापडली २००२ मध्ये, १,७५७ दिवसांनी. असा खरा काळ आकडा म्हणून शेजारी ठेवला की महायंत्राचा दरारा आपोआप वाढतो.

दुसरा निर्णय: ‘न फुटणारा संकेत नसतो’

कादंबरीत ‘बर्गोफ्स्की प्रिन्सिपल’ नावाचा नियम आहे. पुरेशा किल्ल्या लावून बघितल्या की एक तरी बरोबर निघतेच, म्हणून प्रत्येक संकेत फुटतो. हा नियम लेखकाने घडवलेला आणि चुकीचा. क्लॉड शॅननने १९४९ च्या निबंधात सिद्ध केलं की निरोपाइतकीच लांब, खरोखर यदृच्छ (कुठलाही क्रम नसलेली) आणि एकदाच वापरलेली किल्ली असेल तर संकेत फुटत नाही. कितीही यंत्रं लावा.

का, ते चार आकड्यांत दिसतं. समजा तुमचा एटीएमचा पिन मी सांकेतिक करून ५०८३ असा पाठवला. प्रत्येक आकड्यात किल्लीचा आकडा मिळवलेला आहे आणि हातचा सोडून दिला आहे. चोराने किल्ली ३३७४ लावली: ५ उणे ३ म्हणजे २, ० उणे ३ म्हणजे (दहा उसने घेऊन) ७, मग १, मग ९. पिन आला २७१९. आता ४१६१ लावली तर १९२२ येतो. दहा हजार किल्ल्या लावल्या की दहा हजार पिन हातात येतात आणि त्यातला खरा कुठला हे सांगणारं काहीच नसतं. रेटा इथे हरतो तो किल्ली सापडत नाही म्हणून नव्हे, ओळखता येत नाही म्हणून.

टांकाडोच्या ‘फिरत्या मजकुरा’मागे हीच कल्पना अर्धवट डोकावते. यंत्राला बरोबर उत्तर ओळखूच येऊ नये, असा त्याचा दावा. लेखक दाराशी आला आणि आत न शिरता परतला. त्याची बाजूही सांगायला हवी: तो संकेत शेवटी थाप ठरतो, त्यामुळे तो शास्त्रात बसला नाही तरी कथा कोसळत नाही. कोसळते ती माणसं. जगातले निवडक संकेतभेदी, आणि त्यांना संकेतशास्त्राच्या पहिल्या महिन्यात शिकवतात ती गोष्ट ठाऊक नाही? आणि ही तर त्यांच्या घरचीच गोष्ट. सोव्हिएत हेरांचे एकदाच वापरायचे किल्लीपट १९४२ च्या सुमारास चुकून दोनदा छापले गेले, आणि त्या चुकीच्या जोरावर अमेरिकनांनी काही निरोप उलगडले. व्हेनोना नावाचं ते काम १९४३ पासून १९८० पर्यंत चाललं. खुद्द एनएसएने ते १९९५ मध्ये जाहीर केलं, कादंबरीच्या तीन वर्षं आधी. न फुटणारा संकेत फुटतो तो माणसाच्या आळसाने, ही तयार गोष्ट समोर पडली होती.

जमलेली बाजू

इथे थोडं थांबून श्रेय द्यायला हवं, नाहीतर हा नुसता चुकांचा पाढा होईल.

वेग हा या पुस्तकाचा खरा गुण. १२८ प्रकरणं, बरीचशी दोन-चार पानांची. सगळा मामला जेमतेम एका दिवसात. एका प्रकरणात अंगठी, पुढच्यात यंत्राचं तापमान, तिसऱ्यात टोकियोतला फोन, आणि प्रत्येकाच्या शेवटी एक दार अर्धवट उघडं. दोन धागे आलटून पालटून विणायचं हे तंत्र नवं नाही, पण पहिल्याच पुस्तकात ते इतक्या बिनचूक टाक्यांनी जमणं सोपं नाही. दुसरं, बेकरच्या मागावरचा मारेकरी बहिरा आहे आणि बोटांवर बोटं टेकवून चष्म्यात अक्षरं टाइप करतो. हे उपकरण छान जमलं आहे, कारण ते पात्रातून आलं आहे. यंत्राची गरज त्या माणसाला आहे, लेखकाला नाही.

सर्वांत भक्कम धागा मात्र उपसंचालक स्ट्रॅथमोरचा. त्याला टांकाडोचा संकेत नष्ट करायचा नाही. त्यात गुपचूप चोरदार बसवून तो जगभर पसरू द्यायचा आहे. वाचक महायंत्राकडे बघत असतो आणि खरं भाकीत इथे बसलेलं असतं. २००६ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेल्या यदृच्छ आकड्यांच्या एका पद्धतीत चोरदार असू शकतं हे दोन संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. २०१३ मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेल्या गुप्त कागदांनी संशय पक्का केला आणि २०१४ मध्ये ती पद्धत मागे घेण्यात आली. संकेत फोडत बसण्यापेक्षा तो घडवतानाच वाकवायचा, हे स्ट्रॅथमोरला १९९८ मध्ये कळलं होतं. आणि विषाणू गाळणारी चाळणी तो स्वतःच्या हाताने बाजूला सारून फाइल आत घेतो, हे तर कुठल्याही कार्यालयात घडतं. ‘साहेबांनी सांगितलं म्हणून बायपास केलं’ हे वाक्य ऐकलं नाही असा सिस्टिमवाला विरळा.

सुझनच्या बाबतीत हात आखडता घेतला आहे. १७० बुद्ध्यांकाची प्रमुख गणिती म्हणून तिची ओळख होते, पण मधली दीडशे पानं तिला अंधारात धावणं आणि दचकणं एवढंच काम.

तिसरा निर्णय: सेव्हिल

बेकर आणि मारेकरी यांची शेवटची झटापट हिराल्डाच्या मनोऱ्यात होते, अरुंद गोल जिन्यावर. कठडे नाहीत, सूचना नाहीत, हे स्पेन आहे, असा तिथला सूर. तो सूर तर खटकतोच. पण मुळात हिराल्डात वर जायला जिनाच नाही, शेवटच्या काही पायऱ्या सोडल्या तर. बाराव्या शतकातल्या या मिनारात आतून भिंतीला धरून रुंद उतरणी वळत वळत चढतात, सुमारे ३५. अजान देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून तसं केलं, असं सांगतात.

रायगडावरच्या झटापटीत कुणी रोपवेची चूक केली तर आपण हसू. सेव्हिलकरांचंही तेच झालं असणार. पण मुद्दा हसण्याचा नाही. उतरणीवर पाठलाग किती वेगळा झाला असता ते बघा. लपायला कोपरा प्रत्येक वळणावर, पावलांचा आवाज खालून वर जाणारा, आणि मारेकरी बहिरा. त्याला तो आवाज ऐकूच येत नाही. जिन्यात मारेकऱ्याचं बहिरेपण निम्मं वाया गेलं. उतरणीवर ते जीवघेणं ठरलं असतं.

चौथा निर्णय: शेवटची किल्ली

आता गाभा. वर्मच्या पोटात, त्याला थांबवायच्या किल्लीचं, ६४ अक्षरांचं कोडं सापडतं. आठ गुणिले आठच्या चौकटीत मांडून उभं वाचलं की अर्थ लागतो: हिरोशिमा आणि नागासाकीला कारणीभूत मूलद्रव्यांतला मूळ संख्येचा फरक. इंग्रजीत ती अक्षरं बरोबर ६४ भरतात, हे कष्टाने जुळवलेलं काम आहे. खोलीभर तज्ज्ञ उत्तर शोधतात. ठरतं असं की नागासाकीचा बॉम्ब प्लुटोनियमचा नव्हताच, युरेनियम-२३८ चा होता. म्हणून २३८ उणे २३५ बरोबर ३. कोणीतरी ३ दाबतं आणि जग वाचतं.

नागासाकीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी पडलेला बॉम्ब प्लुटोनियम-२३९ चाच होता, सहा किलोच्या आसपास. त्याच रचनेची चाचणी १६ जुलैला न्यू मेक्सिकोत झाली होती. गाभ्याभोवती शंभर किलोहून जास्त नैसर्गिक युरेनियमचं वेष्टण होतं, त्यात बहुतांश २३८. स्फोटाच्या ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा त्यातून आला. लेखकाने तपशिलाचं शेपूट धरून हत्ती बदलला, असं म्हणू.

त्याला हे का करावं लागलं असेल, ते वजाबाकीत दिसतं. २३९ उणे २३५ म्हणजे ४, आणि ४ मूळ संख्या नाही. कोडं मोडतं. म्हणून इतिहास वाकवला गेला.

पण कोड्यातला शब्द नीट वाचा: मूलद्रव्यं. युरेनियम-२३५ आणि २३८ ही दोन मूलद्रव्यं नाहीतच, एकाच मूलद्रव्याची समस्थानिकं आहेत. मूलद्रव्य ठरतं अणुक्रमांकावरून. युरेनियम ९२, प्लुटोनियम ९४. फरक २. आणि २ ही मूळ संख्या आहे, सर्वांत लहान आणि एकमेव सम. म्हणजे इतिहासाला हात न लावता, कोड्याचं एक अक्षर न बदलता, खरं उत्तर तिथेच बसलं होतं. शिवाय प्रसंग दुप्पट रंगला असता: खोलीतले सगळे वस्तुमानांक वजा करत ४ वर अडकलेत, घड्याळ पळतंय, आणि कुणा एकाला दहावीच्या पुस्तकातला आवर्ती तक्ता आठवतो. कादंबरीत खोटी माहिती सापडल्यामुळे सुटका होते. इथे सगळ्यांना ठाऊक असलेली माहिती नीट बघितल्यामुळे झाली असती.

परिणाम

पहिल्या तीन कादंबऱ्यांना सुरुवातीला फारसा उठाव नव्हता, प्रत्येकी दहा हजार प्रतींच्या आत. २००३ च्या मार्चमध्ये चौथी, ‘द दा विंची कोड’, आली आणि सगळं पालटलं. २००४ मध्ये चारही एकाच वेळी न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत झळकल्या. म्हणजे ‘डिजिटल फोर्ट्रेस’ वाचलेल्यांपैकी बहुतेकांनी ती निघाल्यावर पाच-सहा वर्षांनी वाचली, तोवर संगणक घराघरात आला होता आणि चुका पकडणारे वाढले होते. टेक्नो-थ्रिलरला हा शाप असतोच. खपाच्या आकड्यावरून चुका क्षम्य ठरवणं मात्र सोपं उत्तर झालं. पुस्तक खपलं ते चुकांमुळे नव्हे. चुका नसत्या तरी ते खपलंच असतं.

मराठीत आणायची म्हटली तर

ब्राऊनच्या कादंबऱ्या मराठीत येतात, वाचल्या जातात, म्हणून हा शेवटचा निर्णय आपल्या घरचा. पुस्तकाच्या अखेरीस लेखकाने वाचकासाठी १६ आकडे ठेवले आहेत: १२८-१०-९३-८५-१०-१२८-९८-११२-६-६-२५-१२६-३९-१-६८-७८. हे प्रकरणांचे क्रमांक. त्या प्रकरणांची पहिली अक्षरं घेऊन चार गुणिले चारच्या चौकटीत भरा, उभं वाचा, निरोप मिळतो: ‘वुई आर वॉचिंग यू’. अनुवादात प्रकरणांची पहिली अक्षरं बदलतात आणि कोडं जागच्या जागी मरतं. आकडे तसेच छापायचे आणि वाचकाला भोपळा द्यायचा, तळटीप द्यायची, की कोडं नव्याने रचायचं?

नव्याने रचायचं तर नशीब चांगलं आहे. ‘आम्ही तुमच्यावर नजर ठेवून आहोत’ ही देवनागरीत मोजून १६ अक्षरं. चौकट अशी होते:

आ च्या ज न
म्ही व र आ
तु र ठे हो
म न वू त

आ, र आणि न दोनदा येतात, म्हणजे १३ प्रकरणांची सुरुवात जुळवायची. ‘तुला’, ‘होता’, ‘नजर’, ‘ठेवलेला’, ‘रस्ता’, ‘तरीही’ यांनी बरीचशी भागतील. अडतं ते तीन जागी. ‘म्ही’ने सुरू होणारा शब्द हाताशी नाही आणि ‘वू’साठी कुणा चिनी पात्राला आणावं लागेल. काना-मात्रा सोडून नुसतं व्यंजन धरायचं असा नियम केला तर ‘म्हणून’ने पहिली अडचण सुटते, पण मग वाचकाला ‘आमतमचवर’ वाचून अर्थ लावावा लागेल. आणि ‘च्या’साठी एका प्रकरणाची सुरुवात ‘च्यायला!’ने करावी लागेल. यंत्र पंधरा तास अडकल्याचं कळतं त्या प्रसंगी ती अगदी चपखल बसेल.